पहिल्या अर्ध्या सेकंदाचा माणूस

बोर्डला वीज दिली की पहिला अर्धा सेकंद त्यावर मामांचं राज्य असतं. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम ताबा घेते, तिच्यामागून बाकीचे प्रोग्रॅम येतात, पडद्यावर आकडे दिसू लागतात, आणि त्या अर्ध्या सेकंदात काय झालं हे कोणी विचारत नाही. विचारायची वेळ येते ती पडदा काळाच राहिला तर.

वीज मिळाल्या क्षणी प्रोसेसरला काहीच ठाऊक नसतं. मेमरी कुठे आहे, घड्याळ किती वेगाने चालवायचं, पुढचा प्रोग्रॅम कुठून उचलायचा, काही नाही. हे त्याला एकेक करून सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूट कोड. तो प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी वेगळा लिहावा लागतो. प्रोसेसर बनवणारी कंपनी एक दिवस कळवते की हा माल आता बंद, नवा घ्या. मग वरची सिस्टीम आहे तशी ठेवून खालचा पाया नव्या प्रोसेसरवर बसवायचा. मामांनी आयुष्यभर हेच केलं. ते त्याला बिऱ्हाड हलवणं म्हणतात. सामान तेच, पण नव्या घरात दिव्याची बटणं कुठल्या भिंतीवर आहेत ते अंधारात चाचपून शोधायचं.

त्यांचं ऑफिस फरशीच्या दुकानाच्या वर आहे. खाली फरशी कापायचं यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचे स्क्रू नाचतात. कंपनी लहान. दवाखान्यांत रक्ताच्या पिशव्या आणि लशी ठेवायला जे मोठे फ्रीज असतात, त्यांचे कंट्रोलर ती बनवते. फ्रीज बनवणारे दुसरे. त्यांचा कारखाना गावाबाहेर आहे, आणि या कंपनीचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक तेच. मामा इथे पहिल्यापासून आहेत. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने किरकोळ, चष्मा कायम कपाळावर, आणि नवा बोर्ड पहिल्यांदा उठला की मोठ्याने घसा खाकरायची सवय. त्यावरून ऑफिसने त्यांच्या पाठीमागे त्यांना 'कोंबडा' म्हणायला सुरुवात केली होती. मामांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

'मामा' हे नाव नंतरचं. ते भाचीबरोबर आलं.

भाची म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण, म्हणजे ताई, त्याच इमारतीत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच मामांना वाढवलं. आजही ती त्यांना 'बाळ्या' म्हणून हाक मारते, आणि तीही जिन्यातून, तळमजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी. मुलगी सर्किटचं शिक्षण घेऊन बाहेर पडली तेव्हा कंपनीला बोर्ड डिझाईन करणारं माणूस हवंच होतं. ताईने शब्द टाकला, मामांनी मालकांच्या कानावर घातलं आणि मुलाखतीच्या दिवशी मुद्दाम रजा घेतली. मालकांनी तिला घेतलं. आत्ता तात्पुरतं, काम बघून कायम करू, असं ठरलं.

पहिल्याच मीटिंगमध्ये तिच्या तोंडून निघून गेलं, "मामा, हा कनेक्टर तू उलटा धरलायस." सगळी खोली हसली. दुसऱ्या दिवसापासून मालकांसकट सगळे त्यांना मामा म्हणू लागले आणि ती सगळ्यांची भाची झाली. भाचीला विचारा, भाचीचा बोर्ड आला का, भाची आज डबा विसरली.

मामा तेव्हा हसले खरे, पण त्यांना त्या हसण्याची धास्ती बसली. वशिल्याचं माणूस हा शब्द त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांबद्दल बराच वापरला होता. तिने त्यांना ऑफिसात 'सर' आणि 'तुम्ही' म्हणावं असं त्यांनी त्याच संध्याकाळी जिन्यात बजावलं. जेवायला ते तिच्यापासून लांबच्या टेबलावर बसू लागले. तिची ड्रॉइंग तपासताना इतरांच्या ड्रॉइंगवर जिथे एक खूण करायचे तिथे दोन करू लागले. टेस्टिंगचं काम बघणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "मामा, सख्ख्या भाचीला सासुरवास करताय की काय?" मामांना त्यात कौतुकच ऐकू आलं. घरी त्यांनी ते बायकोला सांगितलंही.

त्या वर्षी जुना प्रोसेसर बंद झाला. नवा फार वेगवान होता आणि त्याची मेमरीही निराळी होती. बोर्ड भाचीने काढला, पाया मामांनी रचला.

या कामात एक डबी लागते. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, एका बाजूने लॅपटॉपला आणि दुसऱ्या बाजूने चपट्या वायरने बोर्डला जोडलेली. तिच्यातून प्रोसेसरच्या पोटात डोकावता येतं, हवं तिथे त्याला थांबवता येतं. नव्या प्रोसेसरचा बूट कोड अजून लिहून झालेला नसतो तेव्हा ही डबीच लॅपटॉपवरून थोडे हुकूम सोडून घड्याळ लावते, मेमरी जागी करते, म्हणजे बाकीचं काम अडत नाही. मूल चालायला शिकेपर्यंत त्याचं बोट धरावं तसं. पुढे आपला कोड तयार झाला की बोट सोडायचं असतं. डबी काढायची, वायर काढायची, बोर्ड पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि नुसती वीज देऊन बघायचं. हा धडा मामांनी ऑफिसातल्या प्रत्येक नव्या माणसाला दिला आहे.

त्या वेळी त्यांनी स्वतः तो पाळला नाही. घाई होती असंही नाही. ते सांगतात, "मला गरज वाटली नाही." इतके प्रोसेसर उठवले होते, त्यात हा एक.

ऑफिसात बोर्ड थंडीत तपासायला वेगळं यंत्र नाही. जेवणाचे डबे ठेवायचा फ्रीज आहे, त्याच्याच वरच्या कप्प्यात बोर्ड ठेवतात. मामांची चपटी वायर दाराच्या रबरातून आत गेलेली असायची आणि ताक किंवा चटणी काढायला येणारा प्रत्येक जण तिला न दुखवता दार उघडायला शिकला होता. त्या फ्रीजमध्ये नवा बोर्ड दर वेळी बिनचूक उठला. मामांनी घसा खाकरला. माल कारखान्याला गेला.

तक्रार यायला वेळ लागला नाही. फ्रीजची वीज काही तास गेली, आत बसवलेला कंट्रोलर गारठला, आणि वीज परत आली की काही कंट्रोलर उठत नव्हते. सगळे नाही, दर वेळी तेच असंही नाही. बटण दोनतीनदा दाबलं की जरा गरम होऊन उठायचे. पण ज्या फ्रीजमध्ये रक्त आहे, त्याच्याजवळ बटण दाबायला कोण बसणार?

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. थंडीत उठत नाही, गरम झाल्यावर उठतं, असं दिसलं की बहुतेकांची बोटं बोर्डकडेच वळतात. कुठे सोल्डरचा डाग कच्चा असेल, कुठे तांब्याची रेषा चुकली असेल. मामांनी भाचीचं ड्रॉइंग पडद्यावर लावलं आणि मेमरीकडे जाणाऱ्या रेषा दाखवल्या. एका बाजूच्या किंचित लांब होत्या. नियमात बसत होत्या, पण काठावर. त्यांनी ते शांतपणे, मुद्देसूद मांडलं. भाची म्हणाली की रेषा मी मोजून काढल्यात, त्यात चूक नाही. मग तिने विचारलं, "सर, तुमच्याकडे फ्रीजमध्ये उठतो, तेव्हा वायर काढलेली असते का?"

मामांना तो प्रश्न झोंबला. का झोंबला याचं उत्तर त्यांच्याकडे तेव्हा नव्हतं. चारचौघांत, आणि तेही घरच्या मुलीने विचारला म्हणून झोंबला, इतकंच त्यांना वाटलं. ते म्हणाले, "तू बालवाडीत डबा सांडत होतीस तेव्हापासून मी बोर्ड उठवतोय. वायर कधी काढायची ते मला तू शिकवू नकोस. आणि माझी भाची आहे म्हणून मी तुला पाठीशी घालणार नाही, हेही लक्षात ठेव."

कोणी हसलं नाही. मालकांनी मात्र मान डोलावली. मीटिंग संपल्यावर त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अशी माणसं आता राहिली नाहीत, असं काहीसं म्हणाले.

भाचीला परत आलेल्या बोर्डांचा खुलासा करायला कारखान्यात पाठवलं. ती सकाळी गेली ती संध्याकाळी आली. काय झालं ते तिने कोणाला सांगितलं नाही. रेषा आखूड करून बोर्ड नव्याने काढायचं काम बाहेरच्या एका माणसाला दिलं गेलं. तिला कायम करायचं की नाही हे ठरवायची वेळ आली तेव्हा मालकांनी मामांना केबिनमध्ये बोलावून सरळ विचारलं. तुमचं मत सांगा, तुम्ही नात्याकडे बघणार नाही हे मला माहीत आहे.

मामा म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा असावा."

त्यांनी 'काढा' म्हटलं नाही. हे ते आजही आधी सांगतात, आणि लगेच म्हणतात की त्याला काही अर्थ नाही.

भाचीचा शेवटचा दिवस होता. बाहेरच्या माणसाने आखूड रेषांचे काढलेले नवे बोर्ड त्याच सकाळी आले होते. मामांनी एक फ्रीजमध्ये ठेवला आणि चहा झाल्यावर बाहेर काढला. डबी जागेवर नव्हती. टेस्टिंगच्या बाई दुसऱ्या कामासाठी घेऊन गेल्या होत्या. उठायला किती वेळ लागतो एवढंच बघायचं होतं, त्याला डबी कशाला, म्हणून मामांनी नुसती वीज दिली.

त्यांच्या कोडची एक खूण आहे. प्रोसेसर जागा झाला की तो सगळ्यांत आधी लॅपटॉपच्या पडद्यावर एक टिंब काढतो. मग मेमरी जागी होते आणि टिंबापुढे अक्षरं येतात. त्या सकाळी टिंब आलं. पुढे काही आलं नाही.

मामांनी वीज बंद केली, बोर्ड पुन्हा थंड केला, पुन्हा वीज दिली. पुन्हा नुसतं टिंब. ते उठून टेस्टिंगच्या बाईंकडे गेले, डबी मागून आणली, वायर लावली. त्याच थंड बोर्डवर अक्षरं भराभर आली. वायर काढली, थंड केला, टिंब.

रेषा आता आखूड होत्या. टिंब आणि पहिलं अक्षर यांच्यामध्ये मामांनी लिहिलेल्या ओळींखेरीज काही नव्हतं. त्यांनी त्या ओळी उघडल्या आणि वाचायच्या आधीच त्यांना कळलं. मेमरीला घड्याळ जोडल्यावर थोडं थांबावं लागतं, ती स्थिर होईपर्यंत. थांबण्यासाठी मामांनी जुन्या प्रोसेसरवर एक साधी युक्ती केली होती. प्रोसेसरला रिकामे आकडे मोजायला लावायचे. बिऱ्हाड हलवताना ती मोजणी जशीच्या तशी नव्या घरात आली होती. नवा प्रोसेसर कितीतरी वेगवान. तेवढेच आकडे त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून टाकले आणि अजून न सावरलेल्या मेमरीत पाय टाकला. गारठ्यात ती आणखी सावकाश सावरते. मामांच्या टेबलावर हे कधी दिसलं नाही, कारण तिथे मेमरी त्यांच्या कोडने जागी होतच नव्हती. डबी तिला आधीच जागी करून ठेवत होती. एवढे दिवस बोर्ड दुसऱ्याचं बोट धरून चालत होता आणि मामा घसा खाकरत होते.

काचेच्या पलीकडे भाची टेबल आवरत होती. तिने एका खोक्यात पुस्तकं ठेवली, मग पुस्तकं काढून आधी दिवा ठेवला आणि पुस्तकं वर रचली. मामा बघत होते. उठून दार उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. ते उठले नाहीत.

तीच आली. खोकं कमरेवर टेकवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "येते, सर."

मामांनी लॅपटॉप अर्धा मिटला. पडद्यावर टिंब होतं. ते म्हणाले, "हं. सांभाळून जा. खोकं जड आहे का?"

"नाही," ती म्हणाली आणि गेली.

दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. आकडे मोजायचं काढून टाकलं आणि त्या जागी मेमरीला तयार आहेस का हे विचारून ती हो म्हणेपर्यंत थांबायचं, असं लिहिलं. दोनचार ओळींचा मामला. मामांनी ती दुरुस्ती इतर किरकोळ बदलांबरोबर गुंडाळून 'सुधारणा' म्हणून पाठवून दिली. नवे बोर्ड आणि नवा कोड एकदमच कारखान्यात गेले आणि तक्रारी थांबल्या. कशामुळे थांबल्या हे कोणाला वेगळं काढून विचारावंसं वाटलं नाही. मालकांनी सगळ्यांसमोर मामांचं अभिनंदन केलं. टेस्टिंगच्या बाई म्हणाल्या, "कोंबडा आरवला बाई एकदाचा." मामांनी पहिल्यांदाच ते नाव तोंडावर ऐकलं आणि त्यांना पाणी प्यावंसं वाटलं.

घरी त्यांनी जिना चुकवायला सुरुवात केली. ताई सकाळी फुलझाडांना पाणी घालायला खाली यायची ती वेळ त्यांनी टाळली. बायकोने विचारलं, ताईंशी काही बिनसलंय का? मामा म्हणाले, काम आहे.

मग ताईच खाली आली. सहसा ती हाक मारते. त्या दिवशी बेल वाजवली. बसली, गुडघा चोळला आणि म्हणाली की तिला हे बोलायला बरेच दिवस लागले. मुलीच्या नोकरीसाठी मी तुला गळ घातली, तुझं इतक्या वर्षांचं नाव, आणि तिने ते घालवलं. तू तिला सगळ्यांसमोर बोललास तेव्हा मला राग आला होता तुझा. पण तुझं बरोबर होतं.

"माफ कर हं बाळ्या," ती म्हणाली.

मामा म्हणाले, "असू दे गं ताई."

ती वर गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. नवऱ्याचा चेहरा बघून ती समोर बसली, आणि तेव्हा मामांनी तिला सगळं सांगितलं. टिंबाचं, डबीचं, आकड्यांचं. तिला त्यातलं फारसं कळलं नाही, पण जे कळायला हवं ते कळलं. मग म्हणाली, "त्या तुमची माफी मागून गेल्या, आणि तुम्ही 'असू दे' म्हणालात?"

मामांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"मग आता मला सांगून काय उपयोग, अहो?"

मामा दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये गेले. मालकांनी ऐकून घेतलं, दार लावून घेतलं, आणि समजुतीच्या स्वरात सांगितलं की चुका सगळ्यांकडून होतात. गिऱ्हाईक खूश आहे. त्यांना बोर्डचं डिझाईन चुकलं असं आपण सांगितलंय, डिझाईन बदललंय, विषय मिटलाय. आता दुसरंच काही सांगितलं तर ते म्हणतील, यांना स्वतःचं काही कळत नाही. भाचीला तुम्ही घरी समजावून सांगा. हुशार मुलगी आहे, तिला कुठेही नोकरी मिळेल.

मामा म्हणतात की त्या क्षणी त्यांना सुटल्यासारखं वाटलं. आपण सांगून टाकलं, पुढचं आपल्या हातात नाही. हे सुटल्यासारखं वाटणं त्यांना टिंबापेक्षाही जास्त लागलं.

चहाच्या वेळी त्यांनी ऑफिसला सांगितलं. सगळे होते. मामा कप न उचलता उभे राहिले आणि म्हणाले की बोर्ड बरोबर होता, चूक माझ्या कोडमध्ये होती, भाची विनाकारण गेली. मग जे झालं त्याची त्यांनी कल्पनाही केली नव्हती. कोणी विश्वासच ठेवला नाही. एक जण दुसऱ्याकडे बघून हसला. टेस्टिंगच्या बाई मायेने म्हणाल्या, "कळतं हो मामा. शेवटी रक्ताचं नातं. आता ती नाहीये इथे, तर तिच्या नावाला डाग नको, एवढंच ना?"

मामांनी आयुष्यभर कमावलेली निःपक्षपातीपणाची ख्याती खोटी ठरली, ती नेमकी ते सगळ्यांसमोर पहिल्यांदाच खरं बोलत होते तेव्हा.

त्यांनी परत आलेला एक जुना बोर्ड आणला, भाचीच्या लांब रेषांचा. डब्यांच्या शेजारी फ्रीजमध्ये ठेवला. सगळ्यांना थांबवून ठेवलं. मग जुना कोड, नुसती वीज. टिंब. त्याच बोर्डवर नवा कोड, पुन्हा थंड करून नुसती वीज. अक्षरं. त्यांनी ते परत केलं, आणि आणखी एकदा. तिसऱ्या वेळेला लोक पडद्याकडे बघायचे थांबले आणि मामांकडेही बघेनात. एकेक जण कप घेऊन जागेवर गेला. टेस्टिंगच्या बाई तेवढ्या थांबल्या. म्हणाल्या की दर वेळी वायर मीच रबरातून आत सोडत होते, माझ्याही लक्षात यायला हवं होतं. मामांना ते ऐकवलं नाही. दोषाचा वाटा उचलायला आलेल्या माणसाचाही त्यांना त्रास झाला.

रविवारी ते वर गेले. ताईने दार उघडलं. भाची इस्त्री करत होती. मामांनी बसायच्या आत सांगून टाकलं, कारण बसलो तर जमणार नाही याची त्यांना खात्री होती. बोर्ड तुझा बरोबर होता. तू विचारलंस ते बरोबर विचारलंस. मला नंतर कळलं. मालकांना सांगितलं, ऑफिसात सगळ्यांना दाखवलं.

ताई भिंतीला टेकली. "म्हणजे मी त्या दिवशी तुझ्याकडे आले होते," ती म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडून आत गेली. आत भांडी लावल्याचा आवाज येऊ लागला. लावलेलीच भांडी ती पुन्हा लावत असावी.

भाचीने इस्त्री बाजूला उभी केली. ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने विचारलं की कारखान्यात सांगितलं का? मामा म्हणाले, नाही. मालकांची तयारी नाही.

"बाकी कुठे नाही सांगितलंत तरी चाललं असतं," ती म्हणाली. "तिथे सांगायला हवं." तिथे फोरमन आहेत, त्यांनी माझ्यासमोर माझ्या बोर्डांना ड्रिलने भोकं पाडली, चुकून कोणी परत वापरू नयेत म्हणून. मी उभी होते. पुढेमागे याच धंद्यात मला पुन्हा त्यांच्यासमोर जावं लागेल. एवढं तिने सांगितलं. घरातही ती आता 'तुम्ही' म्हणत होती.

मामांनी मालकांना न विचारता जायचं ठरवलं. ती म्हणाली, मी येते. तुम्ही काय सांगता ते मला ऐकायचंय.

कारखान्याच्या दुरुस्ती विभागात फ्रीज ओळीने दारं उघडी टाकून उभे होते, पाच-सहा फिटर त्यांच्या पोटात डोकं घालून कामात होते. फोरमन साठीकडे झुकलेला, जाड बोटांचा, कमी बोलणारा माणूस. भाचीला बघून तो ओशाळला. बाई, त्या दिवशी मी तुम्हाला बसासुद्धा म्हटलं नव्हतं, असं पुटपुटत त्याने एका खुर्चीवरचे स्पॅनर बाजूला केले आणि खुर्ची फडक्याने पुसली. ती म्हणाली, राहू दे, लगेच निघायचंय.

मामांनी मुद्दाम आवाज चढवून सांगितलं, फिटरांनाही ऐकू जावं म्हणून. बोर्ड बरोबर होते. चूक बूट कोडमध्ये होती. कोड माझा. यांचा काही दोष नव्हता.

फिटरांची डोकी फ्रीजमधून बाहेर आली. फोरमनने हात पुसले. त्याला आधी हे कळून घ्यायचं होतं की भोकं पाडलेले बोर्ड चांगले होते का? मामा म्हणाले, हो. सगळे? सगळे. फोरमनने मान हलवली. खराब काम बघून वाईट वाटावं त्यापेक्षा चांगलं काम मोडल्याचं त्याला जास्त वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. मग त्याने, कारखान्यात कुठलाही बिघाड आला की विचारायचा तो नेहमीचा प्रश्न विचारला. हे तुम्हाला कळलं कधी?

"नंतर," मामा म्हणाले.

"नंतर म्हणजे? बाई तिथे होत्या तेव्हा की गेल्यावर?"

विचारण्यात खोच नव्हती. तो फक्त बिघाडाची वेळ विचारत होता. मामांनी घरी 'नंतर' म्हटलं होतं, ऑफिसात 'नंतर' म्हटलं होतं, मालकांच्या केबिनमध्येही तोच शब्द वापरला होता, आणि कुठेही कोणी त्याच्या आत बघितलं नव्हतं. भाची त्यांच्याकडे बघत होती. तिलाही हे विचारायचं सुचलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मामा फोरमनकडे न बघता तिच्याकडे बघून म्हणाले, "तू टेबल आवरत होतीस तेव्हा."

"मी निघते म्हणून सांगायला आले होते," ती म्हणाली. "दारात."

"हो. बोर्ड माझ्यासमोरच होता. टिंबावर अडकलेला."

"तुम्ही मला खोकं जड आहे का विचारलंत."

"हो."

एका फिटरने उगाचच स्पॅनर उचलून परत ठेवला. फोरमनने खुर्ची पुन्हा थोडी पुढे सरकवली. या वेळी भाची बसली, पर्स मांडीवर घेऊन, कोणाकडेच न बघता. फोरमनने कोणाला तरी पाणी आणायला सांगितलं. एकच पेला आला.

मामांना बसा असं कोणी म्हटलं नाही, आणि ते बसलेही नाहीत.